फोरमन आणि बोस्नियाच्या खाटा

मी एकदा एका प्रसूतिगृहाच्या अठरा खाटांचे नटबोल्ट मसाल्याच्या डब्यांत लावून ठेवले होते. लांब एका वाटीत, आखूड दुसरीत, वायसर मेथीच्या जागी. चाळिशीत अक्कल येते म्हणतात; माझी बहुधा पुण्याहून निघालीच नव्हती.

बोस्नियातलं युद्ध नुकतंच थांबलं होतं. तिथल्या एका गावात जळालेलं प्रसूतिगृह पुन्हा उभं राहत होतं आणि ग्लासगोच्या एका बंद झालेल्या वॉर्डातल्या खाटा तिकडे जायच्या होत्या. चर्चच्या हॉलमध्ये त्या दुरुस्त करायचे फोरमन. मूळचे साताऱ्याचे, हॉस्पिटलच्या वर्कशॉपमधून रिटायर झालेले. मी त्यांच्या हाताखाली मदतीला. त्यांची बायकोसुद्धा ‘अहो फोरमन, जेवायला चला’ अशीच हाक मारायची.

दुरुस्त झालेल्या प्रत्येक खाटेवर ते स्वतः आडवे व्हायचे. या कुशीवरून त्या कुशीवर वळून, डोळे मिटून ऐकायचे. ‘वहिनी, रिकामी खाट कधी करकरत नाही. बाई झोपली की बोलायला लागते. आणि ती बाई आधीच दमलेली असते.’ एकदा चर्चच्या मिनिस्टर, म्हणजे पाद्रीबाई, आत आल्या आणि यांना निपचित पडलेलं पाहून त्यांनी प्रार्थनाच सुरू केली. फोरमननी एक डोळा उघडला. ‘आमेन जरा थांबवा, डावा पाय कुरकुरतोय.’

कुणी प्रेमाने मोडकी व्हीलचेअर आणून दिली, तर ते ती तितक्याच प्रेमाने परत करायचे. ‘तिथे पोचून कामाला लागली तर मदत. नाहीतर आपलाच कचरा, त्यांच्या दारात.’

तर, खाटा सुट्या करून झाल्या होत्या आणि लॉरी दुसऱ्या दिवशी यायची होती. प्रत्येक खाटेला तिच्या नटबोल्टांची पिशवी बांधलेली. मला तो पसारा दिसला! फोरमन घरी गेल्यावर मी सगळ्या पिशव्या सोडल्या आणि घरून दोन डबे आणून मापाप्रमाणे लावले. खाटा निरनिराळ्या कंपन्यांच्या, दिसायला सारख्या बोल्टांचे आटे वेगळे, हे मला कोण सांगणार? मी विचारलं तरी कुठे होतं!

सकाळी फोरमननी डबा उघडला. एक बोल्ट चिमटीत धरून पाहिला, परत ठेवला. ‘फोडणी झकास होईल, वहिनी.’

लॉरी नुसत्या गाद्या घेऊन गेली. एकेक बोल्ट लावून बघत अठरा खाटा पुन्हा जोडायच्या, म्हणजे आठवडा तरी हवा.

‘लॉरी बिघडली म्हणून कळवू या का?’ मी पुटपुटले.

‘लॉरीने तुमचं काय वाकडं केलंय? तिथे बायकांचे दिवस भरत आलेत. तिथल्या प्रसूतिगृहाच्या मेट्रनला खरं कळलं तर ती काहीतरी सोय लावेल. फोन तुम्हीच करा. मी शेजारी उभा राहतो.’

आणि राहिले. हातात पाना घेऊन.

फोरमनना जाऊन आता बरीच वर्षं झाली. कुणाकडे दहा मिनिटं उशीर होणार असला तरी मी आधी कळवते. नात म्हणते, ‘आजी, कुणी मरत नाही गं.’ तिला काय सांगू?

त्या दिवशी मी मेट्रनला एका दमात सगळं सांगितलं, मसाल्याच्या डब्यांसकट. मग ती तुटक इंग्रजीत म्हणाली:

‘एक आठवडा? बरं. आम्ही गाद्या जमिनीवर घालू. पण बाई, उशीर होणार म्हणून आम्हाला फोन करणाऱ्या तुम्ही पहिल्याच.’