दोघांची सही

बीडहून चौसाळ्याला सायकलने जाणाऱ्या दोन मास्तरांना लोक वेडे म्हणत, आणि मला ते आवडायचं, हे आधीच कबूल करतो. घरी मोटरसायकल होती. पण एका दिवसात दोनशे किलोमीटर सायकल मारायची, तीही ठरलेल्या वेळेच्या आत, असं डोक्यात घेतलं होतं. सरावाला वेगळा वेळ कुठून आणणार? म्हणून शाळेची वाटच सरावाची केली. जाऊन-येऊन साठेक किलोमीटर आणि मध्ये मांजरसुंब्याचा घाट.

या नादाला मी आमच्या शाळेतल्या विज्ञानाच्या सरांनाही लावलं. ते माझ्याहून आठ वर्षांनी मोठे आणि अंगाने जड. पालीपर्यंत आम्ही बरोबर असायचो. पुढे चढ लागला की ते मागे पडत आणि मी घड्याळ बघत चरफडत थांबे. शेवटी तेच म्हणाले, "माझ्यापायी कशाला थांबतो रे? जा तू. मी येतो हळूहळू. फकस्त मस्टरवर माझी बी सही ठोकून ठेव."

तेव्हापासून तसंच चाललं. शाळा दहाची. मी पावणेदहाला पोहोचे, दोघांच्या सह्या करी, त्यांच्या वर्गातली पोरं माझ्या वर्गात आणून बसवी. ते अर्ध्या-पाऊण तासाने घामाघूम होऊन येत. त्यांच्या सहीचा शेवटचा फटकारा मला त्यांच्यापेक्षा झोकात जमायचा, आणि त्याचाही मला अभिमान होता. यात काही गैर आहे असं एकदाही वाटलं नाही.

उसाच्या ट्रॉल्या रस्त्यावर यायला लागल्या होत्या, त्या दिवसांतली गोष्ट. त्या सकाळी घाट मी कधी नव्हे इतक्या लवकर चढलो. वर पोहोचल्यावर मागे वळूनही बघितलं नाही. शाळेत आलो आणि दोन सह्या केल्या.

साडेदहाला आमचे मुख्याध्यापक, त्यांना आम्ही हेडसर म्हणायचो, गाडीची किल्ली हातात घेऊन वर्गाच्या दारात आले.

"सर दिसले न्हाईत आज. मी बीडला चाललोय मीटिंगला. आले नसतील तर वाटेत बघतो, पंक्चर-बिंक्चर झाली आसंल."

"आलेत की सर. सही बघा. प्रयोगशाळेत हायेत."

विचार करून बोललो नाही. रोजच्या सवयीने तोंडातून निघालं. हेडसर मान हलवून गेले.

अकराला मी सरांना फोन लावला. रिंग वाजत राहिली. बाराला पुन्हा लावला, तेव्हाही कोणी उचलला नाही. मी तेव्हाच उठून घाटाकडे निघायला हवं होतं. पण शोधायला जायचं म्हणजे सही खोटी हे आधी सांगायचं. मी स्वतःची समजूत काढली की दम लागला असेल, घरी परत गेले असतील. मग त्यांच्या घरी फोन का केला नाही? कारण वहिनी म्हणाल्या असत्या, ते तर शाळेत गेलेत. हे मला तेव्हाही कळत होतं. मी भित्रा निघालो, दुसरं काही नाही.

दोन वाजता वहिनींचाच फोन आला. घाटात शेळ्या चारणाऱ्या एका म्हाताऱ्याला सर रस्त्याच्या खाली बाभळीत पडलेले सापडले होते. ट्रॉलीतून बाहेर आलेला ऊस खांद्याला लागला आणि ते सायकलसकट कठड्यापलीकडे गेले. ट्रॅक्टरवाल्याला पत्ताही नव्हता. सायकलच्या हँडलला लावलेला फोन हात पोहोचणार नाही इतका लांब जाऊन पडला होता आणि तिथेच वाजत होता. गुडघा निखळून पायाचा रक्तपुरवठा बंद पडला होता. बीडहून त्यांना अंबाजोगाईला हलवलं. तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं की सकाळीच आणलं असतं तर पाय वाचवायचा प्रयत्न करता आला असता. पाय मांडीतून काढावा लागला.

शाळेत हेडसरांनी मला एकट्याला बोलावून घेतलं. "तोंड उघडू नको," ते म्हणाले. "चौकशी लागली तर तू बी जाशील आन मी बी." मी नाही उघडलं. वहिनी तर ज्याला त्याला सांगत होत्या की माझ्यासारखा दोस्त मिळायला नशीब लागतं, कारण दवाखान्यात मी आठवडाभर सरांच्या उशाशी बसून होतो. ते ऐकवत नव्हतं.

महिन्याने मी त्यांच्या घरी गेलो. ते पलंगावर बसले होते. वहिनी चहा ठेवायला आत गेल्या आणि मी सगळं सांगून टाकलं, सही, हेडसर, प्रयोगशाळा, बारा वाजताची माझी भीती. वाटलं, शिव्या घालतील, घरातून हाकलून देतील. मला तेच हवं होतं.

त्यांनी मांडीवरची चादर सारखी केली. मग म्हणाले, "हेडसरची गाडी किती वाजता निघलती?"

"साडेदहाला. पावणेअकरापर्यंत घाटात आली असंल."

"आलती," ते म्हणाले. "खालच्या वळणावर दिसली मला. वळखली मी. लई वरडलो."