शिडीवरचा रंगारी

३ मार्च २०१९ रोजी मालकीणबाईंनी तळमजल्यावरच्या खोलीची अनामत सांगितली: तीन लाख ऐंशी हजार, एकरकमी, महिनाअखेरपर्यंत. नाही जमले तर खोली दुसऱ्याला. मालकीणबाई अंगाने भारी, चार जिने चढणे त्यांच्याने होत नसे. त्यांनी खालच्या चौकातूनच आकडा ओरडून सांगितला आणि सीलबंदने तो चौथ्या मजल्याच्या कठड्यावरून वाकून ऐकला. साऱ्या इमारतीनेही ऐकला.

“किती म्हणाल्या?” आतून बायकोने विचारले.

“तीन-ऐंशी.”

“आहेत?”

“कपाटात आहेत,” तो म्हणाला.

“कपाटात आहेत म्हणे! लग्न झाल्यापासून हेच ऐकतेय. तुमच्या कपाटाला तोंड असतं तर तेही एव्हाना लाजलं असतं.”

सीलबंद हे काही आईबापांनी ठेवलेले नाव नव्हे. विजेच्या वस्तूंच्या एका मोठ्या दुकानात त्याने चौतीस वर्षे काउंटरवर काढली, तिथल्या सोबत्यांनी ते ठेवले. झाले असे की एका वर्षी धंदा बसला आणि बोनस द्यायला दुकानमालकाकडे पैसे नव्हते. त्याने सगळ्यांना गोदामात नेले आणि सांगितले, न खपलेल्या मालातून हवे ते उचला. कोणी इस्त्री नेली, कोणी टेबलफॅन. याने हातात धरून खेळायच्या इलेक्ट्रॉनिक खेळांचे एक अख्खे खोके उचलले. तळहाताएवढे यंत्र, मधे काचेचा छोटा पडदा, दोन्ही बाजूंना एकेक बटण.

“अरे, लोकांनी इस्त्र्या नेल्या आणि तू खेळणी?” कॅशियर म्हणाला. “आता जन्मभर चुरगळलेलाच फिर.”

पण हसणाऱ्यांचे दात काही वर्षांनी दिसेनासे झाले. एक परगावचा माणूस नेमका तोच जुना खेळ शोधत दुकानात आला आणि मूळ किमतीच्या सातपट मोजून याच्याकडचा एक घेऊन गेला. त्याची एकच अट होती: डबा उघडलेला नको. सीलबंदने ती खूणगाठ मनाशी बांधली ती कायमची. शिक्का मोडला की किंमत मोडली. पुढे कुठे एखादे दुकान बंद होतेय असे कळले की हा रविवारी तिथे हजर. धूळ खात पडलेले खेळ, टीव्हीला जोडायची जुनी गेमची यंत्रे, जे मिळेल ते आणायचे. टीव्हीची यंत्रे बहुतेक वापरलेली असत, ती तो लावून, चालवून, पुसून ठेवी. हातातले खेळ मात्र कोरे. त्यांच्या झाकणावरची चिकटपट्टी त्याने कधी नखानेसुद्धा उचलून पाहिली नाही.

काउंटरवर तो गिऱ्हाइकाला दोन गोष्टी हमखास सांगे. घेण्याआधी, “सेल आतच दिलेले आहेत, वेगळे घ्यायला नकोत.” आणि पैसे देऊन झाल्यावर, “वापरत नसाल तेव्हा सेल काढून ठेवा हं, आत राहिले की पाझरतात आणि यंत्र खातात.” ही दोन वाक्ये त्याने अगणित वेळा म्हटली असतील. ती शेजारी-शेजारी ठेवून पाहावीत असे त्याला एकदाही सुचले नाही. कारखान्याचा शिक्का मारलेल्या डब्यात काळ शिरत नाही, अशी काहीशी त्याची समजूत होती. अशी समजूत कोणी बोलून दाखवत नाही, म्हणून ती कोणी खोडूनही काढत नाही.

रविवारी सकाळी कपाट उघडायचे, दाढीच्या जुन्या ब्रशने एकेक डबा झटकायचा, बुटांच्या खोक्यांतून जमवलेल्या ओल शोषणाऱ्या पुड्या बदलायच्या, पुन्हा कुलूप. या सगळ्यांत त्याचा जीव एकावर जास्त होता. त्या डब्याला समोरून पारदर्शक खिडकी होती आणि आतल्या पडद्यावर एक चित्राची झिल्ली चिकटवलेली होती. शोकेसमध्ये बंद खेळही चालू वाटावा म्हणून कारखानेच तशी झिल्ली लावून पाठवत. चित्रात शिडीवर उभा एक रंगारी, वरून रंगाचे तीन डबे पडताहेत आणि तो हात पसरून ते झेलायच्या तयारीत. कोपऱ्यात गुण, १८८.

मुलगी लहान असताना या खिडकीसमोर बसून राही. अंगठ्याने बाहेरूनच बटणाच्या जागी दाबत राही. दाबून दाबून प्लास्टिकला तिथे खळगा पडला होता.

“बाबा, एकदाच. तीन डबे झेलते आणि परत ठेवते.”

“परत ठेवता येत नाही बाळा. उघडलं की उघडलं.”

“मग आणलंत कशाला?”

“तुझ्या लग्नासाठी.”

पुढे मुलीने लग्न स्वतःच्या पगारातून, दहा माणसांत उरकले. रंगारी जागचा हलला नाही.

“झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात,” बायको म्हणे, “पण या मुठीतून भाजीवाल्याला पैसे काही देता येत नाहीत.” ती टोमणे मारी, पण कपाटाची किल्ली घराबाहेर पडताना आपल्याच कमरेला लावी. म्हातारपणाची सोय म्हणून तिनेही ते कपाट मनातल्या मनात धरून ठेवलेच होते.

दोन वर्षांपूर्वी तिचा पाय जिन्यात घसरला आणि खुब्याचे हाड मोडले. ऑपरेशनसाठी त्याने टीव्हीला जोडायची सगळी यंत्रे विकली. ती उघडी होती, वापरलेली होती, एकदोनांचा रंग उडून पिवळट पडला होता, तरी चांगले पैसे आले. हाडात सळई बसली, चार माणसांनी तिला खुर्चीतून वर आणले, आणि त्यानंतर ती खाली उतरली नाही. तिच्या खिडकीतून समोरच्या गच्चीवरच्या पाण्याच्या टाक्या दिसत. तिला मोठे काही नको होते.

“दारात खुर्ची टाकून बसायचंय मला,” ती म्हणे. “येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारायचंय, कुठे निघालात म्हणून. टाक्यांना काय विचारू?”

म्हणून तळमजल्याची खोली. सीलबंदचा हिशेब सरळ होता. वापरलेली यंत्रे एवढ्याला गेली, तर कोरे खेळ कितीला जातील? मुलीने परगावाहून एक गिऱ्हाईक शोधून दिले. जुन्या खेळांचाच व्यापार करणारा, तिशीतला, बोलण्यात मऊ माणूस. त्याने फोटो पाहून जो आकडा सांगितला तो अनामतीच्याही थोडा वर होता. फक्त तो म्हणाला, “काका, मी आंधळा व्यवहार करत नाही. एक डबा तुम्ही निवडायचा, एक मी. दोन्ही उघडून बघू. चालले, तर बाकीचे न उघडता घेऊन जातो.”

दोन डबे उघडायचे म्हटल्यावर सीलबंदला दोन दिवस जेवण गेले नाही. मग तो तयार झाला.

महिन्याच्या शेवटच्या रविवारी मालकीणबाईंनी खालच्या खोलीची किल्ली दिली. माल तिथेच मांडायचे ठरले. दोन भाऊ हमाल बोलावले होते, त्यांनी डब्यांची खोकी उतरवली. मग सीलबंद म्हणाला, “हिलाही उतरवा. खोली बघून घेऊ दे.”

थोरल्या हमालाने तिला खुर्चीत पट्ट्याने बांधले. “मावशी, फ्रिजपेक्षा हलक्या आहात.”

“फ्रिज बोलत नाही, मी बोलते. तेवढं वजन धरून चाल.”

उतरवण्याचे पैसे त्याने तिथल्या तिथे चुकते केले. खिशात तेवढेच होते. वर नेण्याचे संध्याकाळी, गिऱ्हाइकाचे पैसे हातात आले की.

बायकोने खुर्ची दारातच ठेवायला लावली. ती आधी आत वळून भिंती बघत होती. इथे ओटा बरा आहे, तिथे पडदा लागेल, मोरी जरा घासावी लागेल. मग बाहेर वळली. दुसऱ्या मजल्यावरचे शिंपी पिशवी घेऊन निघाले होते.

“कुठे निघालात?” तिने विचारले.

“अरे वा, वहिनी! खाली?”

“आता खालीच. उद्यापासून हजेरी द्यायची माझ्याकडे.”

आत सीलबंदने आपला डबा निवडला. सगळ्यांत नवा, सगळ्यांत ताठ पुठ्ठ्याचा. चिकटपट्टी त्याने ब्लेडने अशी कापली की जणू कोणाचे टाके काढतोय. गिऱ्हाइकाने खेळ हातात घेऊन बटण दाबले. काही झाले नाही. त्याने पाठीमागचे झाकण सरकवले आणि सीलबंदला वास आला. तो वास त्याला ओळखीचा होता. लोक माळ्यावरून काढून आणलेली यंत्रे काउंटरवर ठेवत, “अहो, चालत नाही हो,” म्हणत, तेव्हा हाच वास येई. आतले सेल फुगले होते. पांढरी-हिरवट बुरशीसारखी भुकटी तारांवरून थेट आतल्या सर्किटच्या पट्टीपर्यंत गेली होती.

“मी एक घेतो,” गिऱ्हाईक हळू आवाजात म्हणाला. त्याने मधल्या खोक्यातला एक डबा काढला. तिथेही तेच.

दारात बायको मालकीणबाईंना विचारत होती, दाराला बाहेरून कडी आहे का.

“काका,” गिऱ्हाईक म्हणाला, “वाईट वाटून घेऊ नका. बाकीचे उघडू नका. खेळ म्हणून मला उपयोग नाही, पण बंद खोकी कपाटात मांडणारे हौशी असतात. शंभर ठिकाणी विचारलं तर दहाजण घेतील. पन्नासेक हजार होतील कधीतरी.”

“महिनाअखेर आज आहे,” सीलबंद म्हणाला.

“तेवढ्यात तर नाही होणार.”

“सगळेच कसे गेले असतील? एखादा तरी निघेल.”

“काका, थांबा.”

तो थांबला नाही. ज्या माणसाने आयुष्यात एक चिकटपट्टी उचलली नाही, तो ब्लेड घेऊन फरशीवर बसला आणि एकामागून एक उघडत सुटला. आधी पट्टी जपून कापत होता, मग झाकणे फाडू लागला. डबा, झाकण, बटण, वास. डबा, झाकण, बटण, वास. गिऱ्हाइकाने एकदोनदा त्याचा हात धरून पाहिला, मग तो भिंतीला टेकून उभा राहिला. जो पन्नास हजारांचा माल होता तो त्याच्या डोळ्यांदेखत पुठ्ठा होत होता. हमाल आत डोकावले. धाकटा काही बोलणार होता, थोरल्याने त्याला खुणेने गप्प केले.

रंगारी शेवटी राहिला. खिडकीतल्या खळग्यावर सीलबंदचा अंगठा क्षणभर टेकला. मग त्याने तोही काढला. सेल गळलेले होतेच. पण पडद्यावर रंगारी अजून शिडीवर उभा होता, गुण १८८, जसा काही चालूच आहे. सीलबंदने नखाने झिल्लीचे टोक उचलले आणि ती सोलली. रंगारी झिल्लीबरोबर निघून आला. खालची काच आतून काळी पडली होती, शाईची दौत सांडावी तशी.

गिऱ्हाइकाने मालकीणबाईंकडून आलेला चहाचा कप भिंतीकडेला ठेवला, “येतो काका,” म्हणाला आणि दारातून निघताना बायकोसमोर उगाच वाकला.

“कुठे निघालात?” ती म्हणाली. मग तिने त्याचा चेहरा पाहिला आणि खुर्चीतच अर्धी वळून आत पाहिले. फरशीवर सगळीकडे फाटके पुठ्ठे, मधे नवरा.

“किती चालले?” तिने विचारले.

त्याने मान हलवली.

“एकही नाही?”

“नाही.”

“द्या बघू इकडे तो.”

त्याने रंगाऱ्याचा खेळ तिच्या हातात दिला. तिने एक बटण दाबले, मग दुसरे. बटणे मात्र छान नवीकोरी होती.

“वाजायचा कसा हा?”

काउंटरवर नमुन्याचा एक खेळ असे, त्यामुळे त्याला ठाऊक होते. त्याने जीभ टाळूला लावून टक्-टक्-टक् केले. “हे डबे पडतानाचं. आणि एखादा हुकला की...” त्याने नाकातून एक लांब, रडका आवाज काढला.

“असला आवाज?” ती म्हणाली. “पोरीला दिला असतात तर दोन दिवसांत मीच फेकला असता.” ती हसली. तिने खेळ पदराने पुसला आणि त्याला परत दिला.

मालकीणबाईंनी किल्लीसाठी हात पुढे केला. “माझाही नाइलाज आहे हो,” त्या म्हणाल्या, आणि तो खराही होता.

“मावशी, निघू या का?” थोरल्या हमालाने विचारले. “आम्हाला पुढे एक घर उतरवायचंय.”

“थोडा वेळ बसले असते,” ती म्हणाली. “शिंपी परत येतील तेवढा.” मग स्वतःच खुर्चीचे हात घट्ट धरले. “चला. उचला.”

जिन्यात तिने डोळे मिटून घेतले. दुसऱ्या मजल्यावर थोरला हमाल दम खायला थांबला तेव्हा गंमत करायची म्हणून म्हणाला, “मावशी, आता जड लागताय.” तिने डोळे उघडले नाहीत. सीलबंद मागून पुठ्ठ्याचा भारा घेऊन चढत होता. टाकून द्यायचे तरी ते उद्या.

एक एप्रिलला तळमजल्याची खोली एका मोबाईल दुरुस्त करणाऱ्याने घेतली. दारात जिथे खुर्ची होती तिथे आता त्याची सायकल असते. कपाटाला कुलूप नाही, त्यात अंथरुणे ठेवतात. रविवारी सकाळी सीलबंद खिडकीशी बायकोसमोर बसतो आणि दोघे टाक्यांकडे बघतात. शिंपी जाता-येता खालून हाक मारत, पण चार मजल्यांवरचे बोलणे दोन्ही बाजूंनी नीट ऐकू येत नाही, म्हणून तेही हळूहळू बंद झाले.

हमालांचे खाली उतरवण्याचे पैसे दिलेले आहेत. खुर्ची वर नेण्याचे तीनशे साठ अजून द्यायचे आहेत.