गिऱ्हाइकांची ओटी

बोईसरला तारापूर रस्त्यावरून आत वळलं की बैठ्या घरांची एक ओळ लागते. तिच्या टोकाचं, जास्वंदीच्या कुंपणाचं घर इंदुबाईंचं. ते विकायला काढून दोन वर्षं झाली होती. या दोन वर्षांत त्या घरात इतकी माणसं येऊन चहा पिऊन गेली, की लांबून बघणाऱ्याला वाटावं, या घरात लग्नाची मुलगी आहे आणि स्थळं येतायत.

मुलगी होती, पण तिचं लग्न कधीच झालेलं. दीपाली चिंचणीला दिली होती. तिच्या अंगणाला लागूनच एक दोन खोल्यांचं घर रिकामं होतं. मागे चिकूची झाडं, आणि समुद्राचं वारं थेट ओट्यावर. घरमालक कमलाकांत भला माणूस. दिवाळीपर्यंत घर तुमच्यासाठी राखतो, म्हणाला होता. दिवाळीनंतर मात्र त्याचा वापीचा पुतण्या ते घेणार होता.

इंदुबाईंनी त्या घरात मनाने केव्हाच संसार मांडला होता. लेकीबरोबर उन्हात कुरडया घालायच्या, संध्याकाळी दोघींनी मिळून देवापुढे दिवा लावायचा. त्यांचे यजमान चंद्रभानही कापडाच्या कारखान्यातून निवृत्त झाले होते. आता बोईसरात अडकून पडायचं काही कारण उरलं नव्हतं. पण हे घर विकल्याशिवाय ते घेणार कसं? डहाणूच्या महालक्ष्मीला त्यांनी सांगून ठेवलं होतं, "आई, एक चांगलं गिऱ्हाईक पाठव."

आई पाठवत होती. अडचण पुढेच होती.

घर दाखवायची इंदुबाईंची एक रीत होती. आधी पाणी, मग चहा. मग घरातलं सगळं खरं सांगायचं: पाणी सकाळीच येतं, वारा फिरला की कारखान्यांचा वास येतो, तेवढ्यापुरती खिडकी लावून घ्यावी लागते. आणि निघताना, आलेल्या बाईला पाटावर बसवून तिची ओटी भरायची. तांदूळ, हळकुंड, सुपारी, नारळ आणि खण. पहिल्यांदा उंबऱ्यात आलेली बाई रिकाम्या पदराने गेलेली त्यांना खपत नसे. बाई मराठी असो नाहीतर बिहारची. "बैठो ना बेटा, ऐसे नही जाने का," म्हणून पाट सरकवायच्या.

त्यांची स्वतःची ओटी भरणारं कुणी राहिलं नव्हतं. आई गेली, भाऊ सुरतेला गेला, आणि खानदेशातल्या माहेरच्या घराला कुलूप लागलं. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, गल्लीतल्या इतर खानदेशी बायका माहेरी निघाल्या की इंदुबाई त्या दिवशी मुद्दाम सगळं घर धुवायला काढायच्या.

घरांचे व्यवहार जमवणारा वाणगावचा प्रफुल्ल या ओटीपायी रडकुंडीला आला होता.

"मावशी, तुमी घर विकता का लेकी दत्तक घेता? मी गिऱ्हाईक आणतो घरासाठी, तुमी त्याची बायको नातेवाईक करून पाठवता! भाव कोण करील मग?"

"भावाचं ओटीशी काय घेणं रे?"

"काय ते मला नाय ठाव. पण ओटी भरली का गिऱ्हाईक गेलं, एवढं मी बघून बसलोय."

इंदुबाईंना हे पटायचं नाही. बायका परत येतच होत्या की! कुणी संक्रांतीला हळदीकुंकवाला आली, कुणी लोणच्याची कैरी चिरून घ्यायला आली. घराचं तेवढं कुणी काढत नव्हतं.

शेवटी पारूने उलगडा केला. पारू दवाखान्यात नर्स, नवरा वारलेला. घर बघायला आली तेव्हा इंदुबाईंनी काही न विचारता तिचीही ओटी भरली होती. पारू तेव्हा बराच वेळ नारळ नुसता धरून बसली होती. दिवाळी जवळ आली तशी ती एका दुपारी दिवाळीचा फराळ करू लागायला आली. शंकरपाळे कातताना इंदुबाईंनी विचारलं, "तुला घर आवडलं होतं ना गं? मग का नाही घेतलंस?"

पारू हसायला लागली. "इंदूताई, तुम्ही ओटी भरलीत, हे माझं माहेर झालं. माहेर कुणी विकत घेतं का? स्वैपाकघराच्या भिंतीला ओल आहे, थोडं कमी करा, असं म्हणणार होते मी. पण पदरात नारळ घेऊन आईशी घासाघीस करायची कशी? जीभच रेटेना. आणि ओटी भरून तर पाठवणी करतात. तुम्ही आम्हाला घरात घेण्याआधीच वाटेला लावता!"

इंदुबाईंच्या हातातलं कातणं थांबलं. पलीकडे चंद्रभान पेपरात तोंड खुपसून हसत होते, हे त्यांच्या खांद्यांवरून कळत होतं.

"हसा, हसा," इंदुबाई म्हणाल्या. "नारळ बाजारातून आणत होतात तेव्हा नाही सुचलं सांगायला?"

पारूनेच मग तिच्या ओळखीची स्वाती आणि तिचा नवरा अंकुश यांना घर बघायला धाडलं. अंकुश सांगलीकडचा, अणुवीज केंद्रात कामाला. रविवारी सकाळी प्रफुल्लने येऊन आधीच दम भरला, "मावशी, आज ओटी नाय. देवाशप्पथ नाय. दिवाळी तोंडावर आली, चिंचणीचं घर हातचं जाईल." चंद्रभाननी खबरदारी म्हणून घरातला एकुलता नारळ कोठीत तांदळाखाली पुरून ठेवला.

स्वाती तोंडाची फटकळ निघाली. आल्या आल्या भिंतीला हात लावला.

"काकू, ही ओल."

"पावसात येते. उन्हाळ्यात जाते."

"उन्हाळ्यात तर सगळीकडचीच जाते!"

इंदुबाईंना आधी रागच आला. मग गंमत वाटायला लागली. दोन वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी त्यांच्याशी भांडत होतं. स्वाती खिडकीच्या कडीला नाव ठेवी, इंदुबाई जास्वंदीची बाजू घेत. ती मोरी लहान म्हणे, या म्हणत, "दीपाली याच मोरीत न्हाऊन एवढी मोठी झाली." दोघींचे आवाज चढले. अंकुश आणि चंद्रभान गुपचूप ओट्यावर जाऊन बसले. प्रफुल्ल मात्र दारात उभा राहून सुखाने मान डोलवत होता. आणि बघता बघता व्यवहार ठरला. स्वातीने देवापुढे साखर ठेवली, सगळ्यांनी तोंड गोड केलं.

निघताना ती उंबऱ्याशी घुटमळली.

"काकू, रागावलात का माझ्यावर?"

"नाही गं. का?"

"पारूताई म्हणाल्या होत्या, तुम्ही आलेल्या प्रत्येकीची ओटी भरता. माझी नाही भरलीत."

प्रफुल्लने पाठीमागून दोन्ही हात जोडले. पण पोरगी तोंड एवढंसं करून उभी, आणि इंदुबाईंना वाटलं, आपण तिला रिकामी पाठवतोय! त्यांना खोटं बोलता येत नसे. ओटीची, माहेराची, पळालेल्या गिऱ्हाइकांची सगळी कथा त्यांनी सांगून टाकली.

स्वाती पोट धरधरून हसली. मग एकदम थांबली.

"थांबा काकू. घर आता कुणाचं?"

"तुझंच की."

"आणि ओटी कुणाची भरतात? घरातून जाणारीची ना? मग पाटावर कुणी बसायचं?"

चंद्रभान उठले, आत गेले, आणि तांदळात कोपरापर्यंत हात घालून नारळ काढून घेऊन आले.

"नारळ आमचाच आहे," ते स्वातीला म्हणाले, "पण आज तू भर."

इंदुबाईंच्याच डब्यातले तांदूळ, त्यांच्याच करंड्यातलं कुंकू. खणाच्या जागी स्वातीने पर्समधला नवा रुमाल ठेवला. इंदुबाई पाटावर बसल्या तेव्हा त्यांना हसू येत होतं. पदर पुढे केला, ओंजळभर तांदूळ त्यात पडले, आणि मग त्यांना दिसेनासं झालं. त्यांनी डोळे पुसले आणि रिवाजाप्रमाणे ओटीतले चार दाणे त्या घरात परत ठेवले.

"काकू, तुमच्यात लेकी माहेरी कधी येतात?" स्वातीने विचारलं.

"आखाजीला."

"मग आखाजीला यायचं. मी सांगून ठेवते, ओल काढून घेणार आहे भिंतीची. येऊन बघा."

दिवाळीचा पाडवा त्यांनी चिंचणीला केला. कमलाकांतने स्वतः दाराला तोरण बांधून दिलं होतं.

आणि आखाजीला, अंगणात उन्हातल्या कुरडया अर्ध्यावर टाकून, इंदुबाई नवी साडी नेसून पिशवी भरायला बसल्या. पिशवीत वाळलेल्या कुरडया, चिकू आणि स्वातीसाठी खण. दीपालीने कुंपणावरून हाक मारली, "आई, ऊन केवढं! कुठे निघालीस?"

"बोईसरला," इंदुबाई चपला घालत म्हणाल्या. "माहेरी. तुझ्या बाबांना जेवायला वाढ. मी दोन दिवस राहून येईन."