यांच्या दोरीला हात लावू नका

माणूस समोर बसलेला असताना त्याला काय हवं ते भलत्यालाच विचारायचं, हा असभ्यपणा हल्ली सगळ्यांनी बिनदिक्कत सुरू केला आहे. गेल्या वर्षी माझ्या नवऱ्याला अर्धांगाचा झटका आला. उजव्या हातातली ताकद गेली, बोलणं सावकाश झालं. डोकं जसंच्या तसं आहे. पण तेव्हापासून डॉक्टर मला विचारतात, "यांना झोप लागते का?" परळच्या हॉटेलातला वेटर मला विचारतो, "काका काय घेणार?" लालबागला आमच्या समोरच्या खोलीत राहणारे गृहस्थ तर यांच्या डोक्यावरून माझ्याशी गप्पा मारतात, जणू मध्ये कपाट ठेवलंय. माझं सगळ्यांना एकच उत्तर असतं, "त्यांना तोंड आहे." बाई खडूस आहे असं लोक म्हणतात. म्हणोत.

हे जन्मभर परळच्या एका छापखान्यात मशीनवर होते. सुट्टीच्या दिवशी मात्र पहाटे उठून प्रभादेवीच्या मागच्या खडकांवर गरवायला जायचे. गरवणं म्हणजे गळाला आमिष लावून मासा धरणं. मालवणकडून आलेल्या घरांत ते कोणाला मुद्दाम शिकवावं लागत नाही. यांच्यासारखेच गरवणारे दादर-वरळीहूनही यायचे. त्यांच्यात कोणी टॅक्सीवाला, कोणी बँकेतला साहेब. कधी शिंगाळा मिळायचा, कधी बोय, नशीब जोरावर असेल तर जिताडा. झटका आल्यावर हे सगळं बंद पडलं. काठी माळ्यावर गेली आणि हे खिडकीपाशी बसू लागले.

आमचा एकुलता एक मुलगा कॅनडात असतो. बाबांचं असं खिडकीत बसणं त्याला व्हिडिओ कॉलवर बघवेना. त्याने आम्हाला तिकडे बोलावून घेतलं आणि सॅमन आणि ट्राउट मासे धरायला एका जंगलातल्या लॉजवर नेलं. हेतू चांगलाच होता. चांगल्या हेतूच्या माणसावर धड रागावताही येत नाही, आणि त्याचाच मला जास्त राग येतो.

त्या लॉजला रस्ताच नाही. पाण्यावर उतरणाऱ्या टीचभर विमानातून जायचं. पोचल्यावर जिकडेतिकडे काळीहिरवी उंच झाडं, अस्वलांपासून जपून राहण्याच्या सूचना, मोबाइलला रेंज नाही आणि स्वयंपाकघरात पाहुण्यांना मज्जाव. मी घरून नेलेला मसाला, कोकम आणि तिरफळं बॅगेत होती तशीच राहिली. जेवायला बसलो तर वाढणारी मुलगी गोड हसून मला विचारते, "हे काय खातील?" म्हणजे सातासमुद्रापलीकडेही तेच. मी म्हटलं, "त्यांना विचार." हे म्हणाले, "फिश." सावकाश म्हणाले, पण त्या मुलीला कळेल इतकं स्पष्ट.

आम्हाला मासेमारीला नेणारा गाईड लाल दाढीचा, धिप्पाड आणि स्वभावाने चांगला होता, ते मी नाकारत नाही. पण यांच्याशी तो ओरडून बोलायचा. जीभ जड झाली की कानही जातात असं लोकांना का वाटतं, देव जाणे. तिथे छातीपर्यंत येणारी एक रबरी विजार घालावी लागते. ती त्याने यांना अशी चढवली, जशी बालवाडीत निघालेल्या पोराला आई चढवते. माझी तळपायाची आग मस्तकात गेली. यांनी मात्र ते चालवून घेतलं, कारण यांना पाण्यावर जायचं होतं. विमानात यांनी माझा हात दाबून सांगितलं होतं, "एक धरायचाय. स्वतः." एवढंच मागणं होतं या माणसाचं.

दुसऱ्या दिवशी सॅमनसाठी बोटीने निघालो. आपल्याकडे रावसाला इंडियन सॅमन म्हणून विकतात, त्यामुळे यांना त्याचं फार कुतूहल होतं. यांनी काठी डाव्या हातात धरली, मूठ बगलेत दाबली आणि डोळे दोरीवर लावून बसले. बराच वेळ काही नाही. मग गाईड म्हणाला, "आमिष नीट आहे का बघतो," आणि काठी काढून घेतली. मी समोरच बसले होते. मला दिसलं, त्याने आधी आमच्या मुलाकडे पाहिलं आणि मुलाने मान हलवली. थोड्या वेळाने गाईडने काठीला एक हिसका दिला, "लागला, लागला" असा गलका केला आणि वाकलेली काठी यांच्या हातात कोंबली. वर स्वतःचा पंजा यांच्या हातावर तसाच ठेवला.

यांनी दोरीचा ताण दोन क्षण हाताने जोखला आणि काठी सोडून दिली. आजारापासून घाईने बोलायची वेळ आली की यांची जीभ थेट मालवणीवर जाते. "ह्येचो आसा," हे गाईडकडे मान वळवून मुलाला म्हणाले. "ह्येका दी."

ज्याच्या गळाला लागला त्याचा मासा, हा प्रभादेवीच्या खडकांवरचा कायदा आहे. शेजाऱ्याची दोरी कितीही ताणली, काठी हातातून निघून चालली, तरी त्याने हाक मारल्याशिवाय कोणी हात लावत नाही. लावला तर तो मासा दोघांपैकी कोणाचाच राहत नाही आणि त्या दिवसापुरता अबोला होतो. यांच्या मते माणसात आणि चोरात फरक करणारे जे थोडे नियम आहेत, त्यांतला हा एक.

गाईडला अर्थातच काही कळलं नाही. मुलाला शब्द न् शब्द कळला होता, पण त्याने गाईडला सांगितलं नाही. मासा वर आला, यांच्या मांडीवर ठेवला गेला आणि फोटो निघाला. रात्री लोणी-लिंबू लावून तो ताटात आला. मासा बघून ज्याचं जेवण दुप्पट होतं, त्या माणसाने तो बाजूला सारून पाव खाल्ला.

सकाळी धक्क्यावर मी मुलाला गाठलं.

"बाबांना एखादा तरी मिळाला पाहिजे, असं सांगितलं होतंस ना त्याला?"

"आई, पण त्यात काय एवढं? त्यांचा हात बघ ना. एवढ्या लांब येऊन रिकाम्या हाताने परत जायचं?"

"हो, जायचं. तुझा बाप निम्म्या वेळा रिकाम्या हातानेच घरी यायचा. तेव्हा कोणी दुसऱ्याचा मासा त्याच्या पिशवीत टाकला नाही."

"मला फक्त त्यांना हसताना बघायचं होतं, यार."

"मग त्यांना विचारायचंस. मला नाही, त्या दाढीवाल्याला नाही. त्यांना."

त्याची माया मला कळत होती, पण माझा राग काही उतरला नव्हता. आयुष्यभर ज्या हातांनी घर चालवलं, ते हात एका झटक्याने सगळ्यांच्या मालकीचे कसे होतात? कोणीही धरावेत, कोणीही हलवावेत आणि वर म्हणावं, बघा, यांनी केलं.

शेवटच्या दिवशी नदीत ट्राउट धरायचे होते. ट्राउट धरला तरी परत सोडायचा, असा तिथला नियम. जेवायचं नाही तर ताटाशी खेळायचं कशाला, हे मला अजून उमगलेलं नाही, पण त्यावर वाद घालायला मला वेळ नव्हता. मी गाईडला माझ्या इंग्रजीत बजावलं, "नो टच. नोबडी टच." तो मुलाकडे बघू लागला. मुलगा म्हणाला, "ती सांगते तसंच कर."

हे कमरेएवढ्या पाण्यात उभे राहिले. डाव्या हाताने दोरी टाकायची सवय नाही. ती कधी झुडपात अडकली, कधी यांच्याच टोपीत. हे स्वतः सोडवत होते आणि आम्ही तिघं काठावर हात बांधून उभे होतो. इतकं सोपं काम इतकं अवघड असेल असं मला वाटलं नव्हतं.

उन्हं चढल्यावर दोरी एकदम ताणली. काठीचं टोक पाण्याला लागलं. यांनी उजवा हातही पुढे आणला, तो थरथरत काठीवर बसला आणि घसरला. गाईडने पाऊल उचललं, तसं आमच्या मुलाने त्याचा दंड धरला. आणि मी, इतका वेळ जगाला शहाणपण शिकवणारी मी, पाण्यात शिरून यांच्या काठीकडे हात नेला.

"हात लावूक नको," हे म्हणाले. एवढ्या खणखणीत आवाजात हे वर्षभरात बोलले नव्हते.

मी हात मागे घेतला. मासा एकदा उसळला, ऊन त्याच्या पाठीवर चमकलं आणि दोरी सैल पडली. हे आमच्याकडे वळले. चेहरा हसरा होता.

"मासो गेलो," हे म्हणाले. "पण माझो होतो."

मुलाने त्या क्षणाचा फोटो काढला नाही. पण मांडीवरच्या सॅमनचा फोटो त्याने मासा ताटात आला त्याच रात्री, रेंज नसतानाही, नातेवाइकांना धाडून दिला होता आणि रेंज मिळताच तो आपोआप लालबागला पोचला. आम्ही परतलो तर अख्खी चाळ विचारायला हजर. हे प्रत्येकाला शांतपणे सांगतात, तो माझा नव्हे, माझा सुटला तो. आणि दोन्ही हात वर करून त्याचं माप दाखवतात. उजवा हात अजून स्थिर राहत नाही, म्हणून दर वेळी माप वेगळं होतं. परवा समोरचे गृहस्थ हसत यांना म्हणाले, "अहो, गेल्या आठवड्यात तर एवढाच होता."

"जितो मासो आसा तो," हे म्हणाले. "वाढतलो."