जीपवरचे देव

जीपच्या मागच्या सीटखाली कवा हात घालून बघा. कोनाची एका पायाची चप्पल, केसातला चाप, शेंगांची टरफलं. एकदा तर बाजारातून पळालेला जिवंत खेकडा निघाला. किश्शांचं बी तसंच हाय. मुद्दाम कोन ठेवत नाय, लोकं चढतात, उतरतात, आन मागं पडून राहतं. आमची जीप शहापूर ते मुरबाड चालायची आन मी घरात बसून सगळं ऐकायची. मंग मला किश्शांचा काय तोटा!

आमी सापगावचे. गाडी आमच्या म्हाताऱ्याची. तवा तो म्हातारा नव्हता, पन मी चिडवायला म्हनायची आन तेच नाव पडलं. स्टँडवर सगळी त्याला मामा म्हनत, कारन गाडीवरचा दुसरा ड्रायवर त्याचा भाचा, बबन. नणंद वारली तवा पोराला आमीच आनला. सकाळी म्हातारा चालवायचा, दुपारनंतर बबन.

*

गाडीचा विमा शहापूरच्या एका गुरुजींकडं. शाळा सुटली की ते विम्याचं काम करायचे. ते म्हाताऱ्याला बोल्ले, वर्षभर गाडी ठोकली नाय, कंपनीकडं भरपाईचा क्लेम टाकला नाय, तर तुमाला बोनस.

म्हाताऱ्यानं तरुनपनी गिरनीत काम केलेलं. त्याला बोनस एकच ठावा, दिवाळीचा. धनतेरसला नवा सदरा घालून गुरुजींच्या ओट्यावर जाऊन बसला. त्यांनी चा दिला, चिवडा दिला, लाडू दिला. हा हलेना. शेवटी त्यांनीच इचारलं, मामा, काय काम काढलंत?

मंग त्यांनी नीट सांगतलं. बोनस हातात नाय मिळत, पुढल्या वर्षी विम्याला पैसे कमी भरायचे. असं दर वर्षी आनखी कमी. पन एकदा का अपघात झाला आन क्लेम टाकला, की सगळं गेलं, परत पयल्यापासून सुरू. म्हनून बारीक ठोक्याला क्लेम टाकू नका, पदरचं करा.

म्हातारा घरी आला. मी दारातच पुसलं, बोनस काय मिळाला?

बोल्ला, "लाडू."

*

तवापासून बोनस म्हंजे घरातलं लाडकं लेकरू झाला. म्हाताऱ्यानं कायदा काढला. ज्याच्या हातून बोनस जाईल, तो स्टेरिंगवरून कायमचा उतरंल.

बबनला गाडीबिगर दुसरं काय येत नव्हतं. गाडी धुताना तो तिच्याशी बोलायचा, मी ऐकलंय. ती उत्तर देत नव्हती, एवढंच.

आन मंग सापगावच्या पुलावर एक म्हैस दाराला घासून गेली. पत्रा आत गेला, ही मोठी पोच! पोरगा मागच्या दारानं आला, "मामी, मामाला सांगू नको गो." माझ्याकडं म्हसा गावच्या जत्रेतून आनलेला गनपती होता, चिकटवायच्या चित्राचा, कोठीवर लावायला. तो नेला आन पोचेवर लावला. बरोबर बसला.

म्हातारा आला, गाडीभोवती फिरला. हा गनपती कुठून आला?

मी बोल्ले, "बबनला भक्ती लागली."

*

मंग भक्ती वाढतच गेली. दत्त आले, मारुती आला, साईबाबा आले. जत्रेत तो चित्रवाला मला लांबून ओळखायला लागला. मुरबाडच्या बाया चढायच्या आधी दाराला हात लावून कपाळाला लावायच्या. बाकीच्या गाडीवाल्यांनी बी आपापल्या गाडीवर देव लावले. त्यांना काय ठावं, आमचे देव कशावर बसलेत!

गुरुजी दर साल विम्याला आले की गाडीला हात जोडायचे. मामा, गाडी पुन्यवान हाय तुमची, एक क्लेम नाय! मी पदर तोंडात कोंबून चुलीकडं पळायची. म्हातारा नुसता मिशीवरून हात फिरवायचा.

*

बबनला मुरबाडकडची पोरगी सांगून आली, सुमन. बाप गाडी बघायला आला, सोबत पोरगी. एवढे देव बघून बाप खुश, पोरगा निर्व्यसनी दिसतो बोल्ला.

पोरगी मान खाली घालून गाडीभोवती फिरली. मारुतीचा कोपरा हळूच नखानं उचकटला, आत बघितलं, परत दाबून बसवला. मंग मागच्या दिव्याजवळ बोट ठेवलं आन माझ्या कानाशी आली.

"मावशी, हितं एक देव कमी हाय."

मी आत गेले आन बबनला सांगतलं, हीच कर.

*

त्या साली म्हाताऱ्याच्या डोळ्यात मोतीबिंदू उतरलेला. कबूल करायचा नाय. एकदा मला शेजारनीच्या नावानं हाक मारून चा घ्यायला बोलावलं, मी ओ दिली आन पाव्हनीसारखी चा पिऊन आले. तरी कबूल नाय.

लग्न तोंडावर आलं. सकाळी हा रिकामी गाडी घेऊन तानशाकडच्या पाव्हन्यांना आनायला निघाला आन गावाभाईरच्या वडात घातली. एवढा वड! गाडीचं तोंड पार आत गेलं. म्हाताऱ्याला कपाळावर खोक, बाकी काय नाय.

एवढ्यावर कुठला देव पुरनार? क्लेम टाकावाच लागला. गुरुजी अंगनात बसले आन पुसलं, गाडी कोन चालवत होतं, ड्रायवरचं नाव लिवायला लागतं. सुमनचा बाप चौकशीला आलेला, तो बी उभा.

बबन पुढं झाला. "मी होतो."

गुरुजी बोल्ले, खरं तेच लिवावं लागतं रे पोरा. आन नाव कोनाचं बी असो, बोनस जायचा तो जातोच.

"मीच होतो," बबन बोल्ला. "कायदा ठावा हाय मला."

म्हातारा उठला. चाचपत गाडीपाशी गेला आन दारावरून हात फिरवायला लागला.

"गनपतीखाली सापगावची म्हैस. दत्ताखाली बैलगाडी. मारुतीखाली स्टँडचा खांब. डोळे गेले बबन, हात नाय गेले माझे. मी कवा बोल्लो काय?"

मी पयल्यांदाच त्याच्या मिशीमागचं हसू समजले.

"लिवा गुरुजी," तो बोल्ला. "मी होतो." आन चावी बबनच्या हातात दिली.

सुमनच्या बापानं डोळे पुसले आन मंडपाला बांबू किती लागतील ते इचारलं.

लग्न झालं, गाडी नीट होऊन आली. तोंड नवंकोरं, त्यावर एक देव नाय. बबन स्टेरिंगवर. म्हातारा आयुष्यात पयल्यांदा बाजूच्या सीटवर, हात कुठं ठेवावे ते कळेना. खोक भरली होती, पन कपाळावर खड्डा राहिलेला. माझ्याकडं एक बारकी लक्ष्मी उरली होती. इचारलं बिचारलं नाय, खिडकीतून हात घातला आन त्या खड्ड्यावर चिकटवली. त्यानं काढली नाय.

स्टँडवर पयली पाशिंदर एक करवंदवाली म्हातारी. डोक्यावरची पाटी खाली ठेवली, नेहमीसारखा गाडीला लावायला हात पुढं केला, आन तिला म्हातारा दिसला. तिनं खिडकीतून हात घातला, त्याच्या कपाळाला लावला आन आपल्या कपाळाला लावला.

म्हातारा समोर बघत बोल्ला, "बस बाई. आत जागा हाय."