रेशमी बिबट्याची वामकुक्षी

मोऊ दछांगचं लग्न ठरलं तेव्हा सासऱ्याने विचारलं होतं, ‘मुलगा करतो काय?’ तेव्हा तो टीव्ही दुरुस्त करायचा, त्यामुळे उत्तर सोपं होतं. पुढे लोक बिघडलेला टीव्ही फेकून नवा आणायला लागले आणि मोऊ चीनमधल्या छंगदू शहरातल्या एका ‘संगणक सुरक्षा’ कंपनीत चिकटला. तिथलं काम सासऱ्याला सांगणं अवघड होतं. ही सुरक्षा अशी, की दुसऱ्या देशांच्या सरकारी संगणकांत गुपचूप शिरायचं, तिथले कागद उचलायचे आणि वरच्या खात्याला नेऊन द्यायचे. बायकोला, गुइफांगला, त्याने प्रिंटर सांभाळतो म्हणून सांगितलं. तिनेही फार खोदून विचारलं नाही. माहजोंगचा डाव मांडलेला असला की नवऱ्याने आगबोट चालवली असती तरी तिला चाललं असतं.

कामाची रीत साधी. निमंत्रणासारखं दिसणारं एक ईमेल पाठवायचं. पलीकडच्या बाबूने ते हौसेने उघडलं, की त्यातली कीड संगणकात घर करायची. कीड घडवणारी हुशार पोरं वेगळी; मोऊकडे नुसती तिची राखण. ती जिवंत आहे ना, आज काय आणलं, उद्या कुठे तोंड घालायचं, एवढं बघायचं. त्याच्या वाट्याला एका लांबच्या बेटावरच्या देशाचं मासेमारी खातं आलं होतं. त्या देशाची गुपितं त्याला तोंडपाठ होती : कोणाची रजा नामंजूर झाली, कँटीनच्या रश्श्यात मासा का सापडत नाही, आणि दुसऱ्या मजल्यावरचा पंखा कधी दुरुस्त होणार. पंख्याचा पत्रव्यवहार इतका लांबला, की एकदा पाना-पक्कड घेऊन आपणच जाऊन यावं असं मोऊला वाटायचं. वरचं खातं मात्र हे सगळं ‘अति गोपनीय’ शिक्का मारून ठेवून घ्यायचं.

बारा वाजले की कंपनी जेवायची. भात, वाफाळता मापो टोफू, वर आपल्या तिरफळासारखी जीभ बधिर करणारी मिरी. मग दिवे मालवायचे, टेबलांखालच्या घडीच्या खाटा ओढायच्या आणि दोनपर्यंत साहेबापासून शिपायापर्यंत सगळ्यांनी आडवं व्हायचं. बाकीच्यांची ती सवय होती. मोऊचं मात्र त्यावर जगणं होतं. घरी रोज रात्री गुइफांगच्या मैत्रिणी जमायच्या आणि सोंगट्यांच्या खडखडाटात पहाट व्हायची. त्याची डोळ्याला डोळा लागायची वेळ काय ती दुपारची.

तर एके सकाळी, इंग्रजी वाचणारी फू शाओयुन धावतच आली. संगणकात शिरणाऱ्या टोळ्यांचा माग काढून त्यांना टोपणनावं देणाऱ्या परदेशातल्या कुठल्याशा कंपनीने अहवाल छापला होता, आणि तो यांच्यावरच होता.

“आपल्याला नाव दिलंय! रेशमी बिबट्या!”

पोरांनी टेबलं बडवली. एक जण म्हणाला, “मोऊदादा, ऐकलंत का? बिबट्या! गुडघ्याचं मलम लपवा आता.”

“पुढे वाच,” यिनसाहेब म्हणाले. ते मॅनेजर, आणि कौतुकाने त्यांचीही छाती जराशी फुगली होती.

शाओयुनचा आवाज उतरला. “देश ओळखलाय साहेब. आपलाच.”

“कशावरून?”

“बारा ते दोन सगळ्या किडी गप्प असतात म्हणे. रोज. एवढी मोठी टोळी एकाच वेळी झोपते, अशी शिस्त दुसरीकडे नाही, असं लिहिलंय.”

वरच्या खात्याचा फोन यायच्या आत तोड काढायला हवी होती. सगळ्यांची झोप बंद करावी, तर साहेबांचीही गेली असती. म्हणून त्यांनी ठरवलं, की एकाने जागायचं आणि आपली कीड हलती ठेवायची. कोणी? ज्याचं खातं सगळ्यात बिनकामाचं, त्याने. सगळ्यांच्या माना मोऊकडे वळल्या.

“साहेब, पगार कापा,” मोऊ म्हणाला, “पण दुपार कापू नका.”

“दादा, देशाचं काम आहे.”

“देशही झोपलेलाच असतो की हो या वेळेला!”

पण झालं ते झालं. दुसऱ्या दिवसापासून मोऊ अंधारात एकटाच पडद्यासमोर, आजूबाजूला सूर लावून घोरणारी टोळी, आणि तो मासेमारी खात्याच्या रजेचे जुने अर्ज परतपरत उतरवून घेतोय. शरीर किती दिवस ऐकणार? तीन वाजले की तो ‘प्रिंटर बघून येतो’ म्हणायचा, सामानाच्या खोलीत पुठ्ठ्याच्या खोक्यांवर आडवा व्हायचा आणि पाचला उठायचा. साहेबांना कळलं असतं, तर ही चोरटी झोपही गेली असती. शाओयुनला माहीत होतं, पण ती बोलली नाही.

मग दुसरा अहवाल आला. शाओयुनने तो साहेबांच्या टेबलाशी उभं राहून वाचला. “रेशमी बिबट्या अजून दुपारी झोपतो. पण मासेमारी खात्यातून कोणीतरी त्याला हुसकावलंय. तिथे आता नवी टोळी आहे, वाळूतला कोल्हा. ही चिनी घड्याळाने तीन ते पाच विश्रांती घेते, म्हणजे जिथे दुपार उशिरा होते अशा पश्चिमेकडच्या कुठल्यातरी देशातली असावी.”

“तीन ते पाच?” यिनसाहेबांनी घड्याळ पाहिलं. साडेतीन. “मोऊ कुठाय?”

अख्खी पश्चिम दिशा सामानाच्या खोलीत गाढ झोपली होती. साहेबांनी दार उघडलं, मोऊ गालावर पुठ्ठ्याच्या रेघा घेऊन उठला आणि नोकरी गेली असं समजून बूट शोधू लागला. तेवढ्यात फोन वाजला. वरचं खातं. साहेबांनी उभ्यानेच घेतला.

“हो साहेब... हो, आळ दुसऱ्या देशावर... कल्पना? माझीच साहेब.”

त्या दिवसापासून मोऊची तीन ते पाचची झोप सरकारमान्य झाली. नवी खाट आली, पडदा आला, त्या वेळात कळफलकाला बोट लावायचं नाही असा हुकूम आला. बाराला मात्र जागायचंच. मोऊने पहिल्या दिवशी चादर अंगावर घेतली, डोळे मिटले आणि वाट पाहिली. झोप येईना. टीव्ही दुरुस्त करताना मागे गिऱ्हाईक उभं राहिलं की त्याचे हात चालत नसत, तसं काहीसं झालं.

पडदा हळूच सरकला.

“दादा,” यिनसाहेब कुजबुजले, “लागली का?”

“लागत होती साहेब. तुम्ही विचारेपर्यंत.”

“मग परत लावा. वरून विचारणा आहे.”