सपाट शिवलेला पट्टा

नदीतल्या दगडामागचं पाणी उलटं, धारेच्या विरुद्ध वाहतं, हे मी वयाच्या एकतिसाव्या वर्षी पहिल्यांदा नीट पाहिलं. आणि मी शाळेत विज्ञान शिकवत होते! ऐंशीच्या दशकातली गोष्ट. गंगापूर धरणातून पाणी सोडलं की आमच्या शेजारचे निवृत्त इंजिनीयर काका आपल्या कयाकमधून, म्हणजे एकट्यानं बसायच्या अरुंद, वरून बंद होडीतून, फेसाळ धारेत शिरायचे आणि एका मोठ्या दगडामागे येऊन निवांत थांबायचे. सगळी नदी पळतेय आणि हे वल्हं मांडीवर घेऊन बसलेत. हे होतं कसं, ते कळल्याशिवाय मला चैन पडेना.

काका शिकवायला तयार झाले. दगडामागून धारेत शिरताना धार जिकडे जाते तिकडे कलायचं, हा पहिला धडा. भीतीनं अंग नेमकं उलट्या बाजूला जातं आणि होडी पालथी होते. मी पालथी व्हायचे, बाहेर यायचे आणि का पडले ते वहीत लिहायचे. मोठ्या धारेत न्यायला मात्र काकांची एक अट होती: घागरा लावलेल्या, पालथ्या होडीतून कुणाचाही हात न लागता बाहेर यायचं.

घागरा म्हणजे कमरेला घालून होडीत बसायच्या तोंडावर ताणून बसवायचं रेक्झिन. त्यानं पाणी आत येत नाही. पुढे एक सुटा पट्टा असतो, तो ओढला की घागरा निघतो. काकांचा मला ढगळ व्हायचा, म्हणून नमुन्याला तो घेऊन मी द्वारका चौकाजवळ रिक्षाचे हूड शिवणाऱ्या, सगळे ज्यांना मामा म्हणत त्या कारागिराकडे गेले. आपण पाण्यात उलटं लटकणार आहोत, हे सांगायची लाज वाटली. भावाच्या होडीचं कव्हर आहे, म्हणून ठोकून दिलं.

मामांच्या हातचं काही लोंबत नसे. त्यांनी पट्टाही दोन्ही कडांनी सपाट शिवून टाकला. मी पाहिला आणि वर त्यांच्या सफाईचं कौतुक केलं. काठावर काकांनी विचारलं, पट्टा आहे ना? आहे, म्हटलं.

मी होडी पालथी केली. पाण्याखाली बोटांना रेक्झिन लागलं, शिवण लागली, पकडायला काही लागेना. इतकी घाबरले की डोकं चालेना. नाकात पाणी गेलं. शेवटी कमरेजवळची कड नखांनी ओरबाडली, ती सुटली आणि मी वर आले. काका कपड्यांनिशी छातीभर पाण्यात पोचले होते. मी खोकत म्हटलं, हात तर लागला नाही. ते म्हणाले, "तू शिकून नाही आलीस. नशिबानं वाचून आलीस."

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर तडक मामांकडे गेले. चांगलं भांडायचं ठरवलं होतं. पट्टा कशासाठी असतो ते सांगितलं, तशी त्यांनी कात्री खाली ठेवली.

"म्हंजे आतमधी तुम्ही होत्या?"

हो, म्हटलं.

"मला वाटलं, नुसती होडी झाकायची हाय."

त्यांनी शिवण उसवली, पट्टा मोकळा केला. मग दुकानापुढच्या रिक्षात मला बसवलं, घागरा गुडघ्यांवर ठेवला आणि डोळे मिटून पट्टा शोधायला लावलं. सापडला तरी पुन्हा, परत पुन्हा. रस्त्यावरची माणसं थांबून बघत होती. मला त्यांची जराही लाज वाटली नाही. मामा दर वेळी पट्टा स्वतः ओढून बघत होते; त्यांना खोटं सांगितलं होतं, त्याची वाटली.